किती वेळ लागतो? — मोटारीची बॅटरी, अल्टरनेटर आणि सरांचा एक प्रयोग



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांचे संपूर्ण नाव या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर आपण वाचलेच आहे. मी मात्र त्यांचा उल्लेख केवळ 'सर' असाच करणार आहे. १९६४ ते १९६७ या काळात, नववी ते अकरावी, मी याच शाळेच्या बाकांवर बसलो आणि त्या तीन वर्षांत सरांना दुसऱ्या कोणत्याही नावाने हाक मारण्याची आमची प्राज्ञा नव्हती. ती आजही झालेली नाही.

व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा संयोजकांची अपेक्षा अशी होती की मी मराठीचा निवृत्त प्राध्यापक, तेव्हा संतसाहित्यावर किंवा गेला बाजार नवकवितेवर बोलेन. मी विषय कळवला, 'मोटारीची बॅटरी अल्टरनेटरवर भरायला किती वेळ लागतो', तेव्हा दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. विषय तोच राहू द्यावा, अशी मी विनंती केली. सर शास्त्र शिकवीत. त्यांच्या नावे चालणाऱ्या व्याख्यानमालेत आजवर बहुतेक व्याख्याने साहित्यावर आणि समाजकारणावर झाली, ही गोष्ट मला थोडी खटकत होती. शिवाय या प्रश्नाशी माझे एक घरगुती देणे आहे. ते पुढे सांगतो. विद्या म्हणजे बॅटरी आणि गुरू म्हणजे अल्टरनेटर, असे रूपक आता हा गृहस्थ रचणार, अशी शंका ज्यांना आली असेल त्यांनी निश्चिंत असावे. मी बॅटरीविषयीच बोलणार आहे.

तरीही मराठीच्या माणसाने सुरतेत उभे राहून एक स्मरण केल्यावाचून पुढे जाणे बरे नव्हे. माझ्या प्रबंधाचा विषय एकोणिसाव्या शतकातील मराठी व्याकरणकार हा होता, त्यामुळे दादोबा पांडुरंग तर्खडकर हे माझे जुने सोबती. १८३६ साली ज्यांचे मराठी व्याकरण प्रसिद्ध झाले ते दादोबा पुढे याच गावात इंग्रजी शाळेत शिकवीत होते, आणि १८४४ साली दुर्गाराम मेहताजींच्या बरोबरीने त्यांनी येथे मानवधर्मसभा चालवली. या सभेने मंत्रतंत्र करणाऱ्यांना जाहीर आव्हान दिले होते. तुमच्या मंत्रात सामर्थ्य असेल तर ते सर्वांसमक्ष दाखवा, असे त्या आव्हानाचे स्वरूप होते. एक व्याकरणकार आणि एक गुजराती मेहताजी मिळून सुरतेच्या लोकांना 'करून पाहा' म्हणत होते. आमचे सर त्याच बिरादरीतले. आणि मी, त्यांचा विद्यार्थी, वयाच्या सत्तरीत एक मंत्र न तपासता खरा मानून बसलो होतो.

आधी सरांचा प्रयोग सांगतो. आपल्या जुन्या प्रयोगशाळेत, खिडकीपाशी, एक काचेची रुंद बरणी असे. सर तीत पाणी घेत, त्यात सावकाश गंधकाम्ल ओतीत ("आम्लात पाणी नव्हे, पाण्यात आम्ल" हे वाक्य ते दरवर्षी तितक्याच कळकळीने म्हणत), आणि शिशाच्या दोन पट्ट्या समोरासमोर टांगीत. या पट्ट्यांना टॉर्चचा छोटा बल्ब जोडला तर काहीच होत नसे. मग ते पट्ट्यांमधून बाहेरची वीज पाच मिनिटे सोडीत. एक पट्टी तपकिरी पडे, बुडबुडे येत. बाहेरची वीज काढून बल्ब पुन्हा जोडला की तो पेटे, आणि काही क्षणांनी मंदावत विझे. गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली जे केले तेच हे. मोटारीच्या बॅटरीची सारी वंशावळ त्या बरणीपर्यंत जाते. आमच्यातला एकजण विचारी, "सर, पूर्ण भरायला किती वेळ लागेल?" यावर सर उत्तर देत नसत, उलट विचारीत : "काढली किती? घालतोस किती वेगाने? आणि घातलेली सगळी आत जाते, हे तुला कोणी सांगितले?"

आता घरगुती देणे. मी नोकरीची सारी वर्षे धुळे जिल्ह्यातील एका महाविद्यालयात काढली आणि निवृत्तीनंतर सुरतेला परतलो. नोकरीत असताना आईवडिलांना भेटण्यासाठी महिन्यातून एकदोनदा धुळे ते सुरत असा प्रवास घडे. साक्री, कोंडाईबारीचा घाट, विसरवाडी, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असा सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता. त्या काळात माझ्या गाडीची बॅटरी कधी म्हणजे कधी बसली नाही, आणि याचे श्रेय मी माझ्या निगराणीला देत असे. निवृत्तीनंतर गाडी भाजीबाजार, बँक आणि वाचनालय एवढ्याच फेऱ्यांपुरती उरली. आणि मग २०२० चा मार्च आला. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूपासून गाडी सोसायटीच्या आवारात जी उभी राहिली ती राहिलीच.

मला कोणीतरी सांगितले होते की आठवड्यातून एकदा दहा मिनिटे गाडी चालू ठेवावी म्हणजे बॅटरी चार्ज राहते. वाक्य सुटसुटीत होते, पटण्यासारखे होते. मी दर रविवारी सकाळी खाली जाई, किल्ली फिरवी, एसी लावी, कारण सुरतेचा एप्रिल आपणास ठाऊक आहे, आणि आत बसून दहा मिनिटे वर्तमानपत्र वाची. मग समाधानाने वर येई. असे सहा रविवार झाले. सहाव्या रविवारी, ३ मे रोजी, इंजिन जरा कण्हत सुरू झाले. मी तिकडे लक्ष दिले नाही.

त्या आठवड्यात एका रात्री दीडच्या सुमारास माझ्या पत्नीच्या छातीत दुखू लागले. घाम आला, डावा हात जड झाला. रात्रीच्या संचारबंदीत रस्त्यावर रिक्षा असणे शक्य नव्हते. गाडी दाराशी आहे, या भरवशावर मी रुग्णवाहिका बोलावण्याचा विचारही केला नाही. तिला धरून खाली आणले, गाडीत बसवले आणि किल्ली फिरवली. आतून 'कट् कट् कट्' एवढाच आवाज आला आणि डॅशबोर्डवरचे दिवे मावळले. मी पुन्हा फिरवली, पुन्हा फिरवली. किती वेळा, ते आठवत नाही. घड्याळाप्रमाणे या खटाटोपात वीस मिनिटांच्या वर गेली. शेवटी तीच म्हणाली, "अहो, ते राहू द्या, कोणाला तरी उठवा."

आमच्या तळमजल्यावर टेम्पो चालवणारे एक गृहस्थ राहतात. मूळचे साक्री तालुक्यातले. रिंगरोडच्या कापड मार्केटमधून साड्यांचे गठ्ठे वाहून नेण्याचा त्यांचा धंदा तेव्हा बंदच होता. ते बनियनवर बाहेर आले, माझ्या गाडीचा आवाज एकदा ऐकला, "सर, बॅटरी बसी गई," एवढे म्हणाले आणि आपला टेम्पो काढला. पत्नी पुढे, मी मागे गठ्ठ्यांच्या जागी. वाटेत दोनदा पोलिसांनी थांबवले, आत डोकावून पाहिले आणि लगेच सोडले. हृदयविकाराचा झटकाच होता. डॉक्टरांनी वेळेवर आल्याचे सांगितले, पण आणखी थोडे लवकर आला असतात तर बरे झाले असते, हेही सांगितले. ती आज आपल्यासमोर दुसऱ्या रांगेत बसलेली आहे. हा प्रसंग मी जाहीरपणे सांगू नये असे तिचे मत होते आणि अजूनही आहे.

रुग्णालयाच्या बाहेरच्या बाकावर, दुसऱ्या दिवशी दुपारी, मला सरांचे ते प्रतिप्रश्न आठवले. काढली किती? घातली किती वेगाने? मी पाकिटाच्या मागे आकडेमोड सुरू केली. काही आकडे तेव्हा माझ्यापाशी नव्हते, ते नंतर उधन्याच्या एका बॅटरीवाल्याकडे बसून मिळवले. पण हिशेब मांडला तो त्या बाकावर.

माझ्या लहान पेट्रोल गाडीची बॅटरी १२ व्होल्टची आणि ३५ अँपिअर-तासांची. याचा अर्थ, पावणेदोन अँपिअरचा प्रवाह ती नवी असताना वीस तास देऊ शकते. गाडी बंद असतानाही घड्याळ, चोरघंटा, संगणकासारखा तो इंजिनचा मेंदू, यांना थोडी वीज लागतच असते. माझ्या गाडीत ती बॅटरीवाल्याने मोजली : २५ मिलिअँपिअर. नगण्य वाटते. पण चोवीस तासांनी गुणा, दिवसाला ०.६ अँपिअर-तास होतात. आठवड्याला ४.२. वर उन्हाळ्याच्या उष्णतेने बॅटरी आतल्या आत झिजते ती निराळीच.

आता जमेची बाजू. इंजिन सुरू करताना सेल्फ म्हणजे स्टार्टर मोटर दीडशे अँपिअर ओढते, पण दोनच सेकंद. म्हणजे ३०० अँपिअर-सेकंद, तासांत सांगायचे तर ०.०८ अँपिअर-तास. ही उधारी मोठी दिसते पण असते किरकोळ. रस्त्याला लागल्यावर अल्टरनेटर ती मिनिटा-दोन मिनिटांत फेडून टाकतो. पुष्कळांचा घोटाळा येथेच होतो. 'सुरू करायला लागलेली वीज लगेच भरून निघते' हे खरे आहे, आणि त्यावरून 'बॅटरी लगेच भरते' असे आपण ठरवून टाकतो. पहिले विधान एका घोटाविषयी आहे, दुसरे संपूर्ण रांजणाविषयी.

माझा अल्टरनेटर ६० अँपिअरचा आहे, असे त्यावर लिहिलेले असते. पण हा आकडा तो वेगाने फिरत असतानाचा. गाडी जागेवर उभी ठेवून इंजिन चालू असेल तेव्हा त्याच्याकडून फार तर वीस-बावीस अँपिअर मिळतात. त्यातले आठ-दहा इंजिनच स्वतःसाठी खाते, कारण ठिणगीला वीज लागते, पेट्रोलच्या पंपाला लागते. माझा एसी चालू, त्याचा पंखा आणि पुढचा रेडिएटरचा पंखा मिळून आणखी आठ-दहा. बॅटरीच्या वाट्याला उरले चारपाच अँपिअर. दहा मिनिटांत पाच अँपिअरने ०.८३ अँपिअर-तास आत गेले असे उदारपणे धरू. त्यातून सुरू करण्याचे ०.०८ वजा करा. आठवड्याला जमा पाऊण, खर्च सव्वाचार. दर रविवारी समाधानाने वर येणारा मी आठवड्याला साडेतीन अँपिअर-तासांनी दिवाळखोरीकडे जात होतो. सहा आठवड्यांत एकवीस. तीन वर्षे वापरलेल्या बॅटरीत मुळात पस्तीस उरलेलेच नसतात. इंजिन फिरवण्याइतकी ताकद राहण्यासाठी निम्मी तरी बॅटरी भरलेली लागते. माझी गाडी त्या रात्री बंद पडली यात नशिबाचा काहीही भाग नव्हता. ती कोणत्या आठवड्यात बंद पडणार, हे बेरीज-वजाबाकी येणाऱ्या सहावीच्या मुलाने मार्चमध्येच सांगितले असते.

येथे एक भाषिक विषयांतर करतो, सवय जात नाही. उधन्याचे बॅटरीवाले, वय माझ्याएवढेच, अल्टरनेटरला अजून 'डायनमो' म्हणतात. वस्तू गेली, शब्द राहिला. जुन्या अँबॅसडर-फियाटमध्ये डायनमोच असे. तो एकाच दिशेने वाहणारी म्हणजे दिष्ट धारा देई, पण मंद वेगात त्याच्याकडून जवळजवळ काहीच मिळत नसे. १९६० च्या सुमारास अमेरिकेत क्रायस्लरने आपल्या गाड्यांत अल्टरनेटर बसवायला सुरुवात केली. त्याला कारण झाले सिलिकॉनचे डायोड. अल्टरनेटरमध्ये निर्माण होते ती प्रत्यावर्ती धारा, दिशा सतत बदलणारी. ती बॅटरीला चालत नाही. सहा डायोड तिला एकाच दिशेने वळवतात. आपल्या पाठ्यपुस्तकांत 'जनित्र' असा नेमका शब्द आहे आणि तो डायनमो व अल्टरनेटर दोघांनाही लागू पडतो, पण गॅरेजात तो कोणी उच्चारलेला मी ऐकला नाही. 'बॅटरी उतरली', 'बॅटरी बसली' हे प्रयोग मात्र लोकांनी स्वतः घडवले आहेत आणि ते मला 'प्रभार न्यून झाला' यापेक्षा शतपटीने आवडतात.

त्या बॅटरीवाल्यांकडे मी जूनमध्ये गेलो. दुकान म्हणजे एक लांब फळी. तिच्यावर दहाबारा बॅटऱ्या रांगेने, एकीचे टोक दुसरीला जोडलेले, आणि शेवटी गुणगुणणारा चार्जर. मी त्यांना माझा दहा मिनिटांचा मंत्र सांगितला तेव्हा ते हसले देखील नाहीत. "दस मिनिटमां शुं थाय, साहेब?" एवढेच म्हणाले. मग त्यांनी काचेच्या नळीतला तरंगकाटा एका बॅटरीत बुडवून मला दाखवला. पूर्ण भरलेल्या बॅटरीतील आम्लाचे विशिष्ट गुरुत्व आपल्याकडच्या उष्ण हवेत १.२४० ते १.२६० च्या आसपास असते. ते त्याला 'बाराशे पन्नास' म्हणतात. बॅटरी उतरते तेव्हा दोन्ही पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते आणि आम्ल पाण्यासारखे पातळ होत जाते, काटा खाली बसतो. भरताना उलट. माझी बॅटरी अकराशेच्या घरात होती.

"मग गाडी चालवून ही पूर्ण कधी भरेल?" मी विचारले, आणि विचारताना मला आमच्या वर्गातला तो मुलगा दिसला.

त्यांनी जे सांगितले आणि मी नंतर वाचून ताडून पाहिले, ते असे. निम्मी उतरलेली ३५ अँपिअर-तासांची बॅटरी घ्या. साडेसतरा काढलेले आहेत. घातलेले सगळे आत राहत नाही, काही उष्णतेत जाते, म्हणून वीस घालावे लागतात. हमरस्त्यावर, दिवे-एसी बंद ठेवून, आरंभी ती पंधरा-वीस अँपिअर सहज घेते. त्रैराशिक मांडणारा म्हणेल, तासा-सव्वा तासात काम झाले. तेथेच सरांचा तिसरा प्रश्न उभा राहतो, घातलेली सगळी आत जाते हे तुला कोणी सांगितले? अल्टरनेटरला जोडलेला नियंत्रक व्होल्टेज चौदा-साडेचौदाच्या वर जाऊ देत नाही, आणि ते योग्यच आहे. त्याहून वाढवले तर आतले पाणी फुटून हायड्रोजन आणि ऑक्सिजन बाहेर पडू लागतात. व्होल्टेज बांधलेले आणि बॅटरी जसजशी भरते तसतसा तिचा विरोध वाढलेला, त्यामुळे प्रवाह आपोआप आटत जातो. वीसचे दहा होतात, दहाचे चार, चाराचे एक.

उधना स्टेशनावर दिवाळीच्या सुट्टीत भुसावळकडे जाणारी पॅसेंजर लागते तेव्हा काय होते, ते आपण सर्वांनी अनुभवले आहे. पहिली पन्नास माणसे मिनिटभरात आत शिरतात आणि बाके धरतात. शेवटच्या दहा माणसांना मात्र दारातल्याने सरकावे, बोचके वर जावे, कोणीतरी मुलाला मांडीवर घ्यावे, तेव्हा जागा मिळते, मग फलाटावरून कितीही जोराने रेटा. पट्ट्यांच्या सूक्ष्म छिद्रांतून आम्लाची ये-जा अशीच दाटीवाटीने चालते. म्हणून हमरस्त्यावर तासा-दीड तासात बॅटरी ऐंशी टक्क्यांपर्यंत येते, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरू होईल इतपत. आणि उरलेल्या वीस टक्क्यांना आणखी पाचसहा तास किंवा त्याहूनही अधिक लागतात. उधना दरवाजा ते सहारा दरवाजा अशा गर्दीत, दर चौकात थांबत, दिवे आणि एसी लावून गाडी चालवली तर हे आकडे दुप्पट धरा, किंवा धरूच नका.

धुळे-सुरत रस्त्याचे रहस्य मला येथे उलगडले. पाच तास सलग गाडी चालत असे. कोंडाईबारी उतरेपर्यंत घाईची भरती झालेली असे आणि पुढे बारडोलीपर्यंत ते शेवटचे वीस टक्के सावकाश आत जात. माझ्या निगराणीचा त्यात काडीचाही संबंध नव्हता. निवृत्तीनंतर दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांनी बॅटरी कधी पूर्ण भरलीच नाही, आणि अर्धवट भरलेली राहिलेली बॅटरी हळूहळू मरते. पट्ट्यांवरचे लेड सल्फेट ताजे असते तेव्हा बारीक, मऊ, लगेच विरघळणारे असते. ते आठवडेच्या आठवडे तसेच राहिले तर त्याचे टणक स्फटिक बनतात आणि मग कोणताही चार्जर त्यांना पुरता हलवू शकत नाही.

पूर्ण बसलेली बॅटरी अल्टरनेटरकडून भरून घेणे हे मुळात त्याचे कामच नव्हे. दुसऱ्या गाडीवरून केबल लावून इंजिन सुरू केले, तर त्या क्षणापासून अल्टरनेटर आपल्या पूर्ण ताकदीने त्या भुकेल्या बॅटरीला वीज देऊ लागतो. इंजिन मंद असेल तर त्याचा स्वतःचा पंखाही मंद, वारा कमी, आणि आतले डायोड तापतात. योग्य मार्ग म्हणजे बॅटरी काढून चार्जरवर लावणे : क्षमतेच्या एकदशांश प्रवाह, म्हणजे माझ्या बॅटरीला साडेतीन अँपिअर, दहा ते बारा तास. रात्री लावावी, सकाळी काढावी. केबल लावण्याची वेळ आलीच तर आधी दोन्ही बॅटऱ्यांची धन टोके जोडावीत, मग चांगल्या बॅटरीचे ऋण टोक, आणि त्या तारेचे दुसरे टोक बसलेल्या बॅटरीला न लावता तिच्यापासून दूर, इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावावे. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीजवळ हायड्रोजन असू शकतो. आणखी एक. डायनमोच्या जमान्यातले काही लोक गाडी चालू असताना बॅटरीची तार काढून 'चार्जिंग येते का' ते पाहत. आजच्या गाडीत हे करू नये. व्होल्टेज एकदम उसळते आणि अल्टरनेटरसकट पुष्कळ काही जळू शकते.

धक्का मारून सुरू करण्याविषयीही मला एका माजी विद्यार्थ्याने येताना विचारले. डायनमोच्या लोखंडात थोडे चुंबकत्व शिल्लक राहत असे, त्यामुळे बॅटरी निष्प्राण असली तरी तो फिरवला की वीज द्यायला लागे. अल्टरनेटरला आपले चुंबक जागे करायला बहुधा आधी बॅटरीकडूनच थोडी वीज घ्यावी लागते, आणि आजच्या इंजिनाचा मेंदू व पेट्रोलचा पंपही तिच्यावरच चालतात. बॅटरीत थोडी धुगधुगी असेल तर धक्क्याचा उपयोग. पूर्ण बसली असेल तर चार जणांचा घाम फुकट.

शेवटी सरांची एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती मला त्यांच्या तोंडून कळली आणि तेव्हा मी तिचे महत्त्व ओळखले नाही. २००६ साली ऑगस्टच्या ७ ते ९ तारखांना उकाई धरणातून सुमारे नऊ लाख क्युसेक पाणी सोडले गेले आणि तापीने बहुतांश सुरत बुडवली. सर तेव्हा निवृत्त होऊन अडाजणला दुसऱ्या मजल्यावर राहत होते. पाणी चढणार अशी कुणकुण लागताच शेजारीपाजारी गाड्या उंचावर नेण्याच्या धावपळीत पडले. सरांची गाडी जुनी होती. ती त्यांनी तिथेच सोडली आणि तिच्यातली बॅटरी पाना लावून काढून वर आणली. शेजारी हसले असणार. वीज गेली ती गेलीच. सरांनी पाच वॅटचा एक छोटा दिवा त्या बॅटरीला जोडला. पाच वॅट भागिले बारा व्होल्ट, सुमारे ०.४ अँपिअर. बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नाही, म्हणून खर्चायला सतरा अँपिअर-तास. म्हणजे चाळीस तासांच्या वर उजेड. रात्रीचे सहा तास धरले तर सात रात्री. हा हिशेब त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयावर लिहून ठेवला होता आणि रोज वापरलेले तास ते वजा करीत. त्या मजल्यावरची चार कुटुंबे रात्री त्या एका दिव्याखाली बसत. कोणी रेडिओ लावायचे म्हटले तर सर आधी तो किती अँपिअर घेतो ते विचारीत, आणि मगच लावू देत. पाणी ओसरून रस्ते मोकळे झाले त्याच सकाळी, घरातला गाळ काढण्याच्या आधी, ते ती बॅटरी रिक्षात घालून चार्जिंगला देऊन आले. मी त्यांना गंमतीने विचारले होते, "सर, एवढी घाई कशाला?" ते म्हणाले, "उतरलेली तशीच ठेवली तर मरते रे." मी ते ऐकले आणि विसरलो. चौदा वर्षांनी, मे महिन्यातल्या त्या बाकावर, आठवले.

आता आमच्या घरी एक छोटा चार्जर आहे. पंधरा दिवसांतून एकदा तो रात्रभर लावायचा, ही तारीख माझी पत्नी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर लाल शाईने लिहिते, माझ्यावर तिचा विश्वास राहिलेला नाही. आणि दर महिन्याला एकदा आम्ही दोघे सोनगडपर्यंत जाऊन येतो.

मुख्याध्यापिकाबाईंनी माझ्या विनंतीवरून सरांची ती काचेची बरणी आज कपाटातून काढून मागच्या टेबलावर मांडली आहे. शिशाच्या पट्ट्या नव्या आहेत, बरणी तीच आहे. नववीचे विद्यार्थी व्याख्यानानंतर तिच्यातून आधी पाच मिनिटे आणि मग दहा मिनिटे वीज सोडतील आणि दोन्ही वेळेला बल्ब किती सेकंद पेटतो ते मोजून फळ्यावर लिहितील. दहा मिनिटांना दुप्पट सेकंद मिळतात की कमी, याविषयी त्यांनी मला आधी विचारले होते. मी सांगितलेले नाही. ज्यांच्या मनगटावर सेकंदकाट्याचे घड्याळ असेल त्यांनी कृपया मागच्या टेबलापाशी यावे.